कारभारी गेला, मालही गेला

मुष्टियुद्ध हा काही आमचा विषय नव्हे. आमची उमर कापडाच्या गाठी मोजण्यात आणि उधारी वसूल करण्यात गेली. पण अमेरिकेतील एका बॉक्सिंग कंपनीचा तिच्या माजी कारभाऱ्याशी झालेला झगडा वाचला, आणि हा मामला तर आपल्याच बाजारातला आहे असे वाटले. ज्यांच्या दुकानाची सारी उलाढाल एका भरवशाच्या माणसाच्या हातात आहे, त्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

कंपनीचे नाव गोल्डन बॉय प्रमोशन्स, गाव लॉस एंजलिस. मालक ऑस्कर दे ला होया. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा बॉक्सर. स्वतः रिंगणात उतरत असतानाच, २००२ च्या सुमारास, त्याने ही कंपनी काढली. प्रमोटर म्हणजे लढतीचा व्यापारी. तो दोन बॉक्सरांची जोडी ठरवतो, जागा घेतो, टीव्हीवाल्यांना हक्क विकतो, बॉक्सरांचे पैसे चुकते करतो आणि तोटा आला तर सोसतो. त्याचा माल म्हणजे बॉक्सर. आमची गाठ गोदामात कुलूप लावून ठेवता येते. माणूस ठेवता येत नाही. त्याला धरून ठेवतो तो फक्त करारावरचा शब्द.

ऑस्करने कारभार सोपवला रिचर्ड शेफर या स्विस बँकेतल्या गृहस्थाकडे. शेफरला बॉक्सिंग ठाऊक नव्हते, हिसाब ठाऊक होता. त्याने कंपनी वाढवली हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. २००७ मध्ये ऑस्कर आणि फ्लॉइड मेवेदर यांची लढत सुमारे २४ लाख गिऱ्हाइकांनी घरी पैसे भरून पाहिली. सप्टेंबर २०१३ मध्ये मेवेदर आणि कानेलो आल्वारेझ यांच्या लढतीला असेच सुमारे २२ लाख गिऱ्हाईक मिळाले. त्या लढतीच्या वेळी मालक मात्र हजर नव्हता. नशेच्या व्यसनावर उपचार घेण्यासाठी तो दवाखान्यात दाखल झाला होता. पेढीवर मुनीमच मालक झाला होता म्हणा ना!

आता खरी गोम ऐका. गोल्डन बॉयच्या लढतींत उतरणारे कितीतरी नामवंत बॉक्सर अल हेमन या इसमाच्या सल्ल्याने चालत. हा हेमन पूर्वी गाण्याचे जलसे भरवत असे. बॉक्सरांचा मॅनेजर आणि सल्लागार एवढेच त्याचे कागदोपत्री नाते. यातल्या पुष्कळ बॉक्सरांशी गोल्डन बॉयचा लांब मुदतीचा लेखी करारच नव्हता. लढती ठरत होत्या त्या शेफर आणि हेमन यांच्या दोस्तीवर. शिवाय मार्च २०१३ मध्ये एचबीओ वाहिनीने गोल्डन बॉयशी संबंध तोडले आणि सगळा भार शोटाइम या एकाच वाहिनीवर आला. माल दुसऱ्याचा आणि गिऱ्हाईक एकच, अशी दुकानाची हालत झाली.

२०१४ मध्ये ऑस्कर सावरून परतला. जुना प्रतिस्पर्धी बॉब अॅरम याच्या टॉप रँक कंपनीशी सुलह करावी असे त्याने ठरवले. अॅरमसोबत काम करणार नाही, असे शेफरने जाहीरपणे सांगितले. २ जून २०१४ ला त्याने राजीनामा दिला. कंपनीचे म्हणणे, त्याचा करार २०१८ पर्यंतचा आहे. मामला लवादापुढे गेला. पाच कोटी डॉलरची मागणी केल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. कारभाऱ्याने कंपनीचे हित सोडून हेमनचे हित पाहिले, असा आरोपाचा सूर होता. जानेवारी २०१५ मध्ये आपसात तडजोड झाली आणि तिच्या अटी गुप्त राहिल्या. लवादात असे होते. भांडण चव्हाट्यावर गाजते आणि निकाल बंद दाराआड लागतो.

येथे आमची एक गोष्ट सांगतो. आमच्या पेढीवर एक फिरता सेल्समन चौदा वर्षे होता. मराठवाड्यातले सगळे दुकानदार त्याच्या जबानीवर माल उचलत. कोणाची किती उधारी, हे त्याच्या खिशातल्या डायरीत. तो गेला तेव्हा डायरीही गेली. त्या रमजानात आमच्या गाठी तशाच पडून राहिल्या आणि तेच दुकानदार दुसऱ्याचे कापड विकत होते. वकील म्हणाले, कागद दाखवा. आम्ही काय दाखवणार? चौदा वर्षांत आम्ही त्या माणसाशी एक ओळ लिहून घेतली नव्हती. खरे बोलायचे तर त्याला नफ्यात एक पैचा हिस्साही दिला नव्हता.

असो. कारभाऱ्याशी समझोता झाला, पण हेमनच्या ताब्यातले बॉक्सर कंपनीच्या हातून निसटत होते. मार्च २०१५ मध्ये हेमनने टीव्हीवरचा वेळ स्वतः विकत घेऊन आपल्या लढती सुरू केल्या. मे महिन्यात गोल्डन बॉयने त्याच्यावर ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. या दाव्यातला एक आधार होता ‘मुहम्मद अली कायदा’. होय, आपले मरहूम मुहम्मद अली यांच्या नावाने २००० साली झालेला अमेरिकी कायदा. बॉक्सरचा मॅनेजर आणि प्रमोटर वेगळे असावेत, मॅनेजरने प्रमोटरच्या धंद्यात पैशाचा हितसंबंध ठेवू नये, असे तो म्हणतो. दलालाने आडत घ्यावी, पण त्याच सौद्यात चोरून खरेदीदार होऊ नये, तसेच हे. हेमन नावाचा मॅनेजर आणि कामाने प्रमोटर आहे, असा गोल्डन बॉयचा दावा होता. जानेवारी २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे जाण्याआधीच निकाल हेमनच्या बाजूने दिला. दावा सिद्ध होईल इतका पुरावा कंपनीकडे नव्हता.

शेफर २०१६ मध्ये रिंगस्टार स्पोर्ट्स नावाची स्वतःची कंपनी काढून धंद्यात परतला.

गोल्डन बॉयजवळ कानेलो तेवढा पक्का उरला होता. मे २०१६ मध्ये आपल्या ओळखीच्या ब्रिटिश आमीर खानला त्यानेच लास वेगासमध्ये सहाव्या फेरीत आडवे केले. हा आमीर २०१० मध्ये गोल्डन बॉयकडेच आला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये कानेलोच्या अकरा लढतींसाठी डॅझोन या कंपनीशी ३६.५ कोटी डॉलरचा सौदा झाला. या खेपेस सगळे काही कागदावर होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कागदांवरून कानेलोने डॅझोन आणि गोल्डन बॉय दोघांवर २८ कोटी डॉलरचा दावा लावला. नोव्हेंबरात तोही मोकळा होऊन निघून गेला.