सिडनीतील निर्वासित वादक

बर्लिनचा जो ‘वाइनट्राउब्स सिंकोपेटर्स’ हा जाझ वाद्यवृंद १९३० च्या ‘डेर ब्लाउए एंगेल’ या बोलपटात झळकला, आणि ज्यातील बहुसंख्य वादक ज्यू असल्यामुळे नाझी अंमल सुरू होताच ज्याला मायदेशास पारखे व्हावे लागले, तो रशिया, जपान असा मुलूख पालथा घालीत १९३७ साली ऑस्ट्रेलियात उतरला, तेव्हा तेथील वादकांच्या व्यावसायिक संघाने त्याच्या नेमणुकीस कडाडून विरोध केला. संघाची धास्ती सर्वस्वी निराधार नव्हती, कारण बोलपटांनी नाट्यगृहांतील वादकांची रोजी आधीच हिरावली होती. तथापि ज्यांस परतण्यास घरच उरले नव्हते, अशांना केवळ परकीयत्वाच्या सबबीवर मज्जाव करणे मला अन्यायाचेच वाटते. पुढे युद्धकाळात तर यांतील काहींना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकण्यात आले!

व्हिएन्नाहून १९३९ मध्ये सिडनीस आलेले व्हायोलावादक रिचर्ड गोल्डनर यांनाही संघाने दार बंद केले. या असामान्य कलावंताने उपजीविकेसाठी दागिन्यांचा व्यवसाय पत्करला, लष्करासाठी नव्या धर्तीची झिप बनविली, आणि त्या मिळकतीतून, मुख्यतः निर्वासित वादकांना एकत्र आणून, १९४५ साली ‘म्युझिका व्हिवा’ची स्थापना केली, ऑस्ट्रेलियात चेंबर संगीताचा प्रसार करणारी ती अग्रगण्य संस्था आजही कार्यरत आहे.