उचललेला दिवा जातो कुठे?

शब्दांवर चालणाऱ्या खेळात पडद्यावर चित्र नसतं. खेळाडू 'दिवा घे' असं टंकतो, उत्तर येतं 'घेतला'. या एका शब्दामागे प्रोग्रामरला बरीच उठाठेव करावी लागते.

गुहांमध्ये भटकणाऱ्या विल क्राउदरने केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून 'ॲडव्हेंचर' रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्या फोरट्रान प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तूपुढे ती जिथे आहे त्या जागेचा क्रमांक असे. वस्तू उचलली, की तिथे उणे १. खेळाडूचे हात म्हणजे प्रोग्रामच्या लेखी आणखी एक जागाच! अशाने कुणीही अख्खी गुहा उचलून नेईल, म्हणून एका वेळी सातच वस्तू बाळगता येत.

अडचण आली ती पिंजऱ्यातल्या पक्ष्याची. पिंजरा उचलला तर पक्षीही सोबत यायला हवा. पण एका आकड्यात 'आत असणं' मावत नाही. मग खास या जोडीसाठी कोडमध्ये वेगळी ओळ घातली गेली. जुगाडच म्हणायचा.

एमआयटीत जन्मलेला 'झॉर्क' इन्फोकॉम कंपनीने घरगुती संगणकांवर आणला, तेव्हा वस्तूंचं झाड तयार झालं. प्रत्येक वस्तूची नोंद अवघ्या नऊ बाइटची: चार गुणधर्मांसाठी, दोन पुढच्या तपशिलाच्या पत्त्यासाठी आणि पालक, भावंड, अपत्य यांना एकेक. खाऊची पिशवी उचलायची तर फक्त पिशवीचा पालक बदलायचा. आतला लसूण आपोआप सोबत येतो. सुंदर युक्ती आहे, पण तिला एक खोड आहे. पेटी पिशवीत ठेवली आणि मग पिशवीच पेटीत घातली, तर दोघी एकमेकींच्या पालक होतात आणि ती फांदी झाडापासून तुटते. वस्तू स्मृतीत असतात, पण खेळाडूला कुठेच सापडत नाहीत. म्हणून काहीही आत ठेवण्याआधी पालकांच्या साखळीने वर चढत जाऊन, वाटेत तीच वस्तू भेटत नाही ना, हे तपासावं लागतं.

'झॉर्क'ने वजनही मोजलं. शिवाय सातपेक्षा जास्त वस्तू हातात असतील, तर नवी उचलताना नकार मिळण्याची शक्यता वाढत जाई. मला हा निव्वळ छळ वाटतो. कोडं सुटलेलं असताना हेलपाटे घालण्यात कसली मजा? ग्रॅहम नेल्सनच्या 'इन्फॉर्म' या भाषेत त्यावर बरा तोडगा आहे: एक पोतडी. हात भरले, की एखादी वस्तू आपोआप पोतडीत जाते आणि खेळाडूला तसं एका ओळीत कळवलं जातं.

आणि कधी कधी नसलेली वस्तूही बाळगावी लागते. डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेत्स्की यांच्या १९८४च्या 'हिचहायकर्स गाइड'मध्ये सामानाच्या यादीत 'चहा नाही' अशी नोंद आहे. चहा मिळाला, की ती जाते. पण पुढचं एक दार उघडायचं, तर चहा आणि 'चहा नाही' हे दोन्ही एकाच वेळी जवळ हवेत. त्यासाठी खेळाडूला आधी स्वतःच्या मेंदूत शिरून व्यवहारज्ञानाचा कण काढून टाकावा लागतो.