फोटोशॉपमधील अक्षरे : सावली, उठाव आणि शिरोरेषा

लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फलक, नाटकाची जाहिरात किंवा गणेशोत्सव मंडळाची कमान. यांपैकी काहीही पाहिले तरी साधी सपाट अक्षरे क्वचितच आढळतात. कुठे ती सोन्यासारखी चकाकतात, कुठे कागदावरून वर उचलल्यासारखी भासतात, तर कुठे त्यांच्या पोटात समुद्राचे किंवा किल्ल्याचे छायाचित्र दिसते. संगणक हाताळणाऱ्या कोणालाही हे परिणाम आता जमण्यासारखे आहेत. मात्र छायाचित्र संस्करणाच्या सॉफ्टवेअरमधील बहुतेक तयार सोयी सुट्या सुट्या रोमन अक्षरांचा विचार करून घडविलेल्या आहेत. डोक्यावरच्या एकाच रेघेने जोडलेल्या देवनागरीला त्या जशाच्या तशा लावल्या की कधी रेघ तुटते, कधी अनुस्वार बुजतो, तर कधी शब्दाचा अर्थच पालटतो.

या सॉफ्टवेअरांतील सर्वाधिक परिचित नाव म्हणजे अर्थातच अॅडोबी फोटोशॉप. थॉमस नोल आणि जॉन नोल या अमेरिकी बंधूंनी १९८७ पासून घडविलेला हा प्रोग्राम फेब्रुवारी १९९० मध्ये अॅडोबीने बाजारात आणला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अक्षर एकदा चित्रावर उमटले की ते चित्राचाच भाग होऊन जाई. १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचांसारखे थर आले आणि कामाची रीतच बदलली. १९९८ मधील पाचव्या आवृत्तीत लिहिलेला मजकूर नंतरही दुरुस्त करता येऊ लागला आणि सावलीसारखे परिणाम लेअरला थेट जोडण्याची सोय झाली. २००० मधील सहाव्या आवृत्तीपासून ही सोय ‘लेअर स्टाइल’ या एकाच खिडकीत मिळते.

या खिडकीतील ‘ड्रॉप शॅडो’वर खूण केली की सावली तयार होते. ती नेमकी कशी होते, हे मात्र एकदा हाताने करून पाहावे. मजकुराच्या लेअरची प्रत काढावी, तिला काळा रंग द्यावा, ती मूळ मजकुराच्या खाली नेऊन थोडी उजवीकडे आणि खाली सरकवावी, ‘गॉशियन ब्लर’ने तिच्या कडा विरघळवाव्यात आणि शेवटी तिची अपारदर्शकता कमी करावी. तयार खिडकीतील ‘डिस्टन्स’ म्हणजे हे सरकवणे, ‘साइझ’ म्हणजे कडांचे विरघळणे आणि ‘ओपॅसिटी’ म्हणजे अपारदर्शकता. एवढे ध्यानात आले की आकडे अंदाजपंचे फिरवावे लागत नाहीत. सावली जवळ आणि रेखीव असेल तर अक्षर कागदाला चिकटलेले वाटते. दूर आणि मऊ असेल तर ते अधांतरी तरंगल्यासारखे दिसते. हौशी कामात बहुधा दूर आणि रेखीव असा तिसराच प्रकार आढळतो. तो प्रखर उन्हातल्या चित्रात शोभतो. एरवी अक्षर दोनदा छापल्याचा भास होतो.

सावलीच्या खिडकीत ‘मल्टिप्लाय’ हा शब्द आधीच निवडलेला असतो. प्रत्येक बिंदूची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजली जाते. मल्टिप्लाय पद्धतीत वरच्या आणि खालच्या थराचे आकडे गुणून २५५ ने भागले जातात. म्हणून मध्यम करड्यावर, म्हणजे १२८ वर, दुसरा १२८ आला की उत्तर सुमारे ६४ येते. रंग गडद होतो, पण खालचे चित्र झाकले जात नाही. पूर्ण काळ्या सावलीत साध्या पद्धतीच्या तुलनेत फरक दिसत नाही. पण पिवळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी सावली टाकायची असेल तर साध्या पद्धतीत ती डागासारखी दिसते आणि मल्टिप्लायमध्ये खरी वाटते. ‘स्क्रीन’ ही याच्या उलट, उजळविणारी पद्धत. अक्षराभोवतीचे तेजोवलय तिच्यातून येते.

‘बेव्हल अँड एम्बॉस’ने अक्षराला उठाव येतो, तोही या दोन पद्धतींच्या जोरावर. प्रकाशाकडची कड स्क्रीनने उजळते, विरुद्ध बाजूची कड मल्टिप्लायने काळवंडते. प्रकाश वरून येतो असे आपली नजर गृहीत धरते. त्यामुळे वरची कड उजळ असेल तर अक्षर फुगीर दिसते आणि हीच मांडणी उलटवली तर ते दगडात कोरल्यासारखे भासते. ‘ग्लोबल लाइट’ची खूण कायम ठेवली तर सर्व लेअरांवर प्रकाश एकाच कोनातून पडतो. तो कोन मागच्या छायाचित्रातील उन्हाशी जुळवून घ्यावा. छायाचित्रातील माणसाची सावली डावीकडे आणि त्याच्याच नावाची सावली उजवीकडे, अशी किमया शहरातल्या अनेक फलकांवर पाहायला मिळते.

सोनेरी अक्षरांचे कोडेही इथेच सुटते. सोने म्हणजे पिवळा रंग नव्हे. ‘ग्रेडियंट ओव्हरले’मध्ये गडद तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा आणि पुन्हा तपकिरी असे पट्टे लागोपाठ आले की डोळ्याला धातूची चकाकी जाणवते. पांढऱ्या कागदावर ही चकाकी मरते. पत्रिकेच्या गडद लाल रंगावर ती उठून दिसते.

आधी रेघ, मग रंग

देवनागरीच्या अडचणी परिणाम देण्याच्याही आधी सुरू होतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले तरी फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी नीट जोडता येत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडलेल्या अवस्थेत दिसत. त्यामुळे पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांतील जुन्या सांकेतिक फॉन्टांवर मुद्रणव्यवसायाने वर्षानुवर्षे भिस्त ठेवली. पुढे क्रिएटिव्ह क्लाउड मालिकेतील आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी सोय आली आणि युनिकोड मजकूर थेट लिहिता येऊ लागला. अक्षरे तुटक दिसत असतील तर परिच्छेदाच्या पट्टीच्या मेन्यूत ‘वर्ल्ड रेडी’ मांडणी निवडली आहे का, हे प्रथम तपासावे. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्येही युनिकोड मराठी व्यवस्थित जुळते आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीपासून परिणाम दिल्यानंतरही ते बदलता येतात.

फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हे पाहावे आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन शब्द टंकून बघावेत. समुद्र आणि डोंगरातल्या खिंडी यांतला फरक ज्या फॉन्टला दाखवता येत नाही, तो मराठी शीर्षकाच्या कामाचा नाही.

सर्वाधिक घात होतो तो ‘स्ट्रोक’ या परिणामाने, म्हणजे अक्षराभोवतीच्या किनारीने. ही किनार आत, मध्यावर किंवा बाहेर देता येते. आत दिली तर ती बारीक शिरोरेषा आणि काना खाऊन टाकते. बाहेर दिली तर अक्षरांतील मोकळ्या जागा भरून येतात. आता ध आणि घ किंवा भ आणि म यांत एक महत्त्वाचा भेद शिरोरेषेतील छोट्याशा खंडाचा आहे. जाड किनारीने तो खंड बुजला की ‘धन’चे ‘घन’ होते आणि ‘भरणा केंद्रा’चे लांबून चक्क ‘मरणा केंद्र’ वाचले जाते. यावर उपाय सोपा आहे. किनार त्या खंडाच्या रुंदीच्या निम्म्याहून बरीच कमी ठेवावी, कारण ती दोन्ही बाजूंनी आत सरकते. अनुस्वार मात्रेला चिकटत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. त्यानंतर चित्र पडद्यावर लहान करून दोन पावले मागून वाचावे.

दुसरा घात ‘ट्रॅकिंग’चा. रोमन शीर्षके ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधले अंतर वाढविण्याची पद्धत आहे. मराठीत हाच आकडा वाढविला की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. तो आकडा शून्यावरच ठेवावा. शीर्षक रुंद हवे असेल तर मुळात रुंद घडणीचा फॉन्ट घ्यावा.

कमानीसारखे वळलेले शीर्षक करण्याचे दोन मार्ग आहेत. वक्र रेषा आखून तिच्यावर मजकूर लिहिणे हा पहिला. यात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे फिरते, पण स्वतः वाकत नाही. त्यामुळे शिरोरेषा गोलाकार होण्याऐवजी सरळ तुकड्यांची बनते आणि तुकड्यांमध्ये पाचरीसारख्या फटी पडतात. दुसरा मार्ग ‘वार्प टेक्स्ट’चा. त्यातील १५ आकारांपैकी ‘आर्क’ निवडला की संपूर्ण शब्द एकसंध वाकतो, शिरोरेषेसकट. मराठी कमानीसाठी हाच मार्ग धरावा. मजकुराला ‘फॉक्स बोल्ड’ म्हणजे कृत्रिम जाडी दिलेली असेल तर वार्प चालत नाही. ती आधी काढावी लागते.

अक्षरांच्या पोटातले चित्र

छायाचित्र अक्षरांच्या आकारात कापून दाखविण्यासाठी ‘क्लिपिंग मास्क’ वापरतात. मजकुराच्या लेअरवर छायाचित्राचा लेअर ठेवावा आणि आल्ट कळ दाबून दोन्ही लेअरांमधल्या सीमेवर क्लिक करावे. छायाचित्र मुळातून कापले जात नसल्याने अक्षरे जागेवर ठेवून ते मागेपुढे सरकवता येते, शब्दही बदलता येतो. इथे अक्षर जितके जाड तितके चांगले. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या संस्थेने तयार केलेला ‘मोदक’ हा मोफत फॉन्ट नावाप्रमाणेच गुबगुबीत असून या कामासाठी जणू मुद्दाम घडविल्यासारखा आहे. छायाचित्र मात्र लाटा, भात, विटा, पाने असे सर्वत्र सारखे पोत असलेले घ्यावे. चेहरा घेतला तर एक डोळा काना खातो आणि नाक दोन अक्षरांच्या मधल्या फटीत हरवते.

भिंतीच्या छायाचित्रावर अक्षरे रंगविल्याचा भास निर्माण करण्यासाठी मल्टिप्लाय पुष्कळदा पुरेसे ठरते. रंग फिका असेल तर लेअर स्टाइलमधील ‘ब्लेंड इफ’च्या खालच्या पट्टीवरील काळी खूण उजवीकडे सरकवावी, विटांमधल्या गडद फटी अक्षरांतून वर येतात. आल्ट दाबून ती खूण दुभंगली तर संक्रमण मऊ होते. कापडाच्या चुण्यांवर अक्षरे खरोखर हलवायची असतील तर ‘डिस्प्लेस’ हे फिल्टर आहे. त्याला त्याच कापडाची कृष्णधवल प्रत पीएसडी स्वरूपात नकाशा म्हणून द्यावी लागते. नकाशातील १२८ उजळतेचा बिंदू अक्षराला जागेवर ठेवतो. त्याहून गडद आणि उजळ बिंदू त्याला परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात. नकाशा आधी थोडा धूसर करावा, नाहीतर कापडाचा धागा न् धागा अक्षराच्या कडा कुरतडतो.

पडद्यावर सुरेख दिसणारी सावली छपाईत नाहीशी होते, ही तक्रार नेहमीची आहे. परिणामांची मापे पिक्सेलमध्ये असतात. इंचाला ७२ पिक्सेल असलेल्या चित्रात ५ पिक्सेलची सावली पावणेदोन मिलिमीटरची होते. पत्रिकेसाठी लागणाऱ्या ३०० च्या चित्रात तीच जेमतेम ०.४ मिलिमीटर उरते. म्हणून ६ बाय ९ इंचांची पत्रिका आरंभापासूनच १८०० बाय २७०० पिक्सेलची घ्यावी आणि परिणाम त्यावरच बेतावेत. काम नंतर लहान-मोठे करावे लागले तर ‘इमेज साइझ’मधील ‘स्केल स्टाइल्स’ची खूण कायम ठेवावी. केवळ एखादा लेअर ओढून मोठा केल्यास त्याची सावली आणि किनार आपोआप वाढत नाहीत. त्यासाठी लेअर स्टाइलच्या मेन्यूत ‘स्केल इफेक्ट्स’ ही वेगळी आज्ञा आहे. छापखान्यात तोच फॉन्ट असेल याची खात्री नसते, तेव्हा तिकडे पाठविण्याच्या प्रतीत मजकुराचे आकारात रूपांतर करावे. पत्रिकेवरचा मुहूर्त ऐनवेळी बदलू शकतो. म्हणून मजकूर दुरुस्त करता येईल अशी मूळ पीएसडी फाइल मात्र आपल्याजवळ वेगळी राखावी.