घशाला सुट्टी देऊ नका

"लाईट चालू आहे, तोंड सोलवटलंय, उगाच गिळायला कशाला लावता? पडू दे जरा आराम." अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे ज्या घरात टाटा कॅन्सर हॉस्पिटलची फाइल आहे, तिथे हे मायेपोटीच बोललं जातं. नुकसान मात्र इथूनच सुरू होतं.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन, म्हणजे आपल्या बोलीतली लाईट, साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतं. त्यासाठी कुणी परळला टाटा हॉस्पिटलजवळ खोली बघतं, कुणी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेक केंद्रात जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं. ती जखम लाईट संपल्यावर काही आठवड्यांत भरते. खरा धोका तिच्या खाली असतो. गिळण्याचे स्नायू पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे कडक होत जातात. त्यातच ते आठवडे त्यांच्याकडून काम करून घेतलं नाही तर ते रोडावतात.

म्हणून "दुखणं थांबलं की व्यायाम करू" हे उलटं गणित आहे. सुरुवात पहिल्या लाईटच्या आधी हवी. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने ४९७ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला: जे तोंडाने खात राहिले आणि व्यायामही करत राहिले, त्यांची अन्न देण्यासाठी घातलेली नळी लवकर निघाली आणि जेवण लवकर पूर्ववत झालं. व्यायामाचा फायदा सगळ्याच चाचण्यांत सारखा दिसलेला नाही, हेही खरं. पण घसा बंद ठेवल्याने भलं होतं, असं कुणीच म्हणत नाही.

व्यायाम साधेच असतात. जीभ टाळूला घट्ट दाबायची आणि सगळा जोर लावून थुंकी गिळायची. जिभेचं टोक दातांत हलकं धरून गिळायचं, तेही फक्त थुंकी, घास कधीच नाही. जबड्यासाठी आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहायचं. सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड आधीच आवळलंय, त्यांनी तर हे टाळूच नये. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण आवळलेली तोंडं अजून ओपीडीत येतातच. कुणी कोणता व्यायाम किती वेळा करायचा, हे स्पीच थेरपिस्ट ठरवतो. तो फक्त बोलायला शिकवतो हा आणखी एक गैरसमज. गिळणं हेही त्याचंच काम.

नाकातून नळी घातली की घरचे धसका घेतात आणि तोंडाने देणं पार बंद करतात. नळी पोटासाठी आहे, घशाच्या सुट्टीसाठी नाही. थेरपिस्टने सुरक्षित सांगितलेले घोट, निदान थुंकी, गिळत राहायचं. दुखतं म्हणून जमत नसेल तर जेवणाआधी घ्यायचं दुखण्याचं औषध डॉक्टरांकडे मागावं. सहन करण्यात शहाणपण नाही.

आता आपली लाडकी पेज. "पेज सगळ्यात सोपी" असं आपण धरून चालतो. पण पेजेत पाणी आणि शीत दोन्ही असतात. पाणी पुढे निसटतं, शीत मागे राहतं आणि ठसका लागतो. शितं पूर्ण घोटून एकजीव केली तर गोष्ट वेगळी. नुसतं पाणीसुद्धा वेगाने सुटतं, म्हणून काहींना ते दाट करून द्यावं लागतं. कोरड्या भाकरीपेक्षा मऊ कालवलेला भात बरा. मधला काटा काढलेला, तिखटाशिवाय वाफवलेला ओला बोंबील बहुतेकांना चालतो. सोलकढी तोंडातली जखम भरेपर्यंत लांबच.

"ठसका लागत नाही म्हणजे ठीक आहे" हा समज सगळ्यात महागात पडतो. रेडिएशननंतर घशाची जाणीव बोथट होऊ शकते, त्यामुळे घास श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येईलच असं नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, वारंवार ताप, छातीत कफ, वजन उतरणं या खुणा. मग बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेवर पाहतात, नाहीतर नाकातून बारीक दुर्बीण घालतात.

नव्या मशीनवर लाईट घेतली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गिळण्याच्या स्नायूंना किरणांचा कमी डोस देणाऱ्या पद्धतीची ११२ रुग्णांवरची ब्रिटन-आयर्लंडमधली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराने त्या रुग्णांचं गिळणं सरस होतं, पण त्रास कुणालाच झाला नाही असं नव्हे. आणि गाठच त्या स्नायूंना चिकटून असेल तर त्यांना वाचवायचं कसं?

फॉलोअपला डॉक्टर गाठीबद्दल विचारतील. जेवायला किती वेळ लागतो, भाकरी सुटून भातावर आणि भात सुटून पेजेवर कधी आलात, हे आपणहून सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्या. उपचारांना पाच वर्षं झाली असली तरी.