उटनूरच्या डोंगरातील ओतारी

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर आज तेलंगणात मोडते. परंतु तो मुलूख मराठी माणसास परका नाही. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता, आणि तेथील डोंगरात गोंडी व तेलुगूच्या जोडीला मराठीही कानी पडते. उटनूरशेजारच्या जैनूर भागात उशेगाव नावाचे खेडे आहे. तेथे ओझा, अथवा वोजारी, या नावाने ओळखले जाणारे ओतारी राहतात. गोंडांना लागणारे पितळी जिन्नस ओतून देणे हा त्यांचा पिढीजात धंदा होय.

त्यांची रीत मोठी मौजेची आहे. प्रथम मातीचा गाभा घडवून तो वाळवितात. मग मेणाचे दोऱ्यासारखे बारीक तंतू काढून ते गाभ्याभोवती एकास एक लावून गुंडाळतात. नक्षी काय असेल ती याच मेणात उठते. त्यावर आधी गाळलेल्या मऊ मातीचा लेप आणि मग जाड मातीची थर बसवितात, व एक तोंड मोकळे ठेवतात. साचा तापविला की मेण वितळून निघून जाते आणि त्याची जागा पोकळ राहते. त्या पोकळीत पितळेचा रस उतरतो. साचा निवल्यावर तो फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून दुसरी वस्तू निघत नाही. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तिका याच पद्धतीने ओतलेली आहे; तिला चार हजारांहून अधिक वर्षे झाली.

आता हे काम घेत कोण होते? गोंडांच्या देवकार्यातील घंटा, समया, बायकांचे दागिने आणि दिवाळीतील दंडारीत मोरपिसांचे मुकुट घालून नाचणाऱ्या गुसाडींचे घुंगरू: ओतारी आणि गोंड यांचे हे नाते नुसते दुकानदार-गिऱ्हाइकाचे नव्हते. पुढे कारखान्यात तयार झालेला स्वस्त माल आठवडी बाजारात आला. मेण व पितळ महाग झाले. एका मूर्तीमागे कित्येक दिवस खपूनही हाती काय उरते, हा हिशेब तरुणांस पटेनासा झाला, तर त्यांना दोष कसा द्यावा?

२०१८ साली ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने या कामास भौगोलिक मानांकन मिळाले. नावाची नक्कल त्यामुळे रोखता येते. धंदा शिकणारा मुलगा मात्र मानांकनाने मिळत नाही, असे आम्हांस वाटते. हल्ली हत्ती, मोर, दिवे अशा शोभेच्या वस्तू शहरांतील प्रदर्शनांत खपतात. पोट भरण्यास त्याचा आधार आहेच. परंतु दिवाणखान्यातला हत्ती एकदा घेतला की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, दंडारी मात्र दरवर्षी येते.

वाचकांपैकी कोणी अशी वस्तू घेणार असेल, तर तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. मेणाच्या तंतूंच्या रेघा पितळेतही उमटलेल्या असतात, आणि त्या बोटाला लागतात.