प्रक्षेपण, पतन आणि कक्षा

महाराष्ट्रातील दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा पहिला भाग गुरुत्वाकर्षणाच्या पाठाने सुरू होतो आणि अवकाश मोहिमांच्या पाठाने संपतो. तथापि हे दोन्ही पाठ शिकलेल्या, सूत्रे मुखोद्गत असलेल्या मुलांना उपग्रह खाली का पडत नाही असे विचारले, तर त्यांतील पुष्कळजण ‘तिथे वर गुरुत्वाकर्षणच नसतं’ असे निःशंकपणे सांगतात. हा दृढमूल गैरसमज मोडण्यासाठी पुण्यातील एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या बाई ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या व्हिडिओ गेमची योजना करतात, आणि त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसून ही अध्यापनपद्धती पाहण्याचा योग मला आला.

२०११ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या खेळात कर्बिन नामक कल्पित ग्रहावरून आपण स्वतः जुळवलेले अग्निबाण सोडावयाचे असतात. ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक-दशांश. वातावरण ७० किलोमीटर उंचीपर्यंत. आणि पृष्ठभागावरील गुरुत्व मात्र पृथ्वीइतकेच. बाईंनी तिघातिघांचे गट केले होते आणि प्रत्येकाचे काम मुक्रर करून दिले होते: एकाने कळफलक सांभाळायचा, दुसऱ्याने उंची, वेग व दिशा यांची वहीत नोंद ठेवायची, तिसऱ्याने आकडेमोड करायची, आणि दर उड्डाणानंतर कामांची अदलाबदल करायची, जेणेकरून चपळ बोटांच्या मुलाचाच सर्वत्र अंमल राहू नये.

माझ्या पुढच्याच गटाने पहिला अग्निबाण सरळ वर सोडला. तो वातावरण ओलांडून गेला, इंधन संपले, काही काळ वरच जात राहिला, आणि अखेर आल्या वाटेने कोसळला. “बाई, एवढ्या उंच गेलं, मग पडलं कसं?” या प्रश्नाचे उत्तर बाईंनी दिले नाही. त्यांनी सर्व गटांना खेळ थांबवावयास लावला आणि वहीतील नोंदी मोठ्याने वाचावयास सांगितले. उंचीचा रकाना भरगच्च होता, आडव्या वेगाच्या रकान्यात मात्र जवळजवळ शून्य होते; आणि त्या शून्याकडे मुलांचे लक्ष गेल्यावरच पुढील उड्डाणास परवानगी मिळाली.

दुसऱ्या खेपेस घाई झाली. जमिनीलगतच्या दाट हवेत अग्निबाण एकदम तिरपा केल्यामुळे तो गटांगळ्या खात पडला. तिसऱ्या खेपेस तो हळूहळू पूर्वेकडे झुकवत नेला, इंजिन बंद केले, आणि मार्गाच्या सर्वोच्च बिंदूवर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर पोहोचताच ते क्षितिजाच्या दिशेने पुन्हा पेटवले. तेव्हा खेळातील नकाशावर यानाचा मार्ग दाखवणारी, ग्रहाच्या पोटात शिरणारी निळी रेषा पलीकडच्या बाजूने हळूहळू बाहेर येऊ लागली आणि ग्रहाला पूर्ण वेढा घालून स्वतःला येऊन मिळाली. यान अद्यापही पडतच होते. परंतु आडवा वेग इतका झाला होता की, जितके ते पडे तितकाच ग्रहाचा पृष्ठभाग त्याच्याखालून वळून दूर जाई.

यानंतरच फळ्यावर कक्षेतील वेगाचे सूत्र आले. कर्बिनची त्रिज्या, गुरुत्व आणि कक्षेची उंची घालून आकडेमोड करणाऱ्या मुलाने सेकंदाला सुमारे २,२४६ मीटर हा वेग काढला. पडद्यावरील आकडा त्याच्या निकट होता, तंतोतंत नव्हता. हा फरक का, या प्रश्नावरून कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्याचे मुलांनी स्वतः शोधले. गृहपाठ म्हणून बाईंनी पृथ्वीसाठी त्याच उंचीवरील वेग काढावयास दिला, जो सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर येतो. आणि एवढ्या लहान ग्रहाला पृथ्वीइतके गुरुत्व असावयास त्याची घनता किती असावी लागेल, हेही विचारले. खेळातील सृष्टी जेथे वास्तवापासून ढळते, तेथेही अशा रीतीने एक धडा हाती लागतो.

खेळाचे सामर्थ्य असे की तो प्रत्येक कृतीचे फळ तत्काळ दाखवतो आणि चुकीची किंमत वसूल करीत नाही. मात्र त्या फळाचे कारण तो सांगत नाही. ते कारण वही, प्रश्न आणि योग्य क्षणी खेळ थांबवणारा शिक्षक यांच्याकडूनच यावे लागते. म्हणून शाळांना संगणक पुरवण्याची तजवीज करणाऱ्यांनी शिक्षकांच्या पूर्वतयारीसाठी वेळ आणि प्रशिक्षण यांचीही तितक्याच अगत्याने तरतूद करावी. तसे झाल्यास ज्या खेळाला पालक आज अभ्यासाचा शत्रू समजतात, तोच विज्ञानाच्या तासाला उत्तम प्रयोगशाळा म्हणून लाभेल, याविषयी मला संदेह वाटत नाही.