एका प्रवासात दोन सूर्योदय!

लंडन ते सिडनी हवाई अंतर सुमारे 17,000 किलोमीटर. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं घ्या, त्यांच्यातलं सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर 20,000 किलोमीटरच्या फारसं पुढे जातच नाही. तेव्हा हा पल्ला किती मोठा, ते ओळखा!

1919 साली ऑस्ट्रेलिया सरकारने बक्षीस लावलं: इंग्लंडहून 30 दिवसांच्या आत विमानाने मायदेशी या आणि 10,000 पौंड घेऊन जा. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिक सोबत घेऊन निघाले आणि 28 दिवसांच्या आत डार्विनला उतरले. कॉकपिट उघडं, तेही ऐन नोव्हेंबरात!

1938 मध्ये याच वाटेवर पाण्यात उतरणारी विमानं आली. प्रवास नऊ-दहा दिवसांचा. आपल्याकडचे थांबे तर फारच झकास: राजस्थानातलं राजसमंद तळं आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर!

पण या वाटेवरची सर्वांत थरारक उड्डाणं महायुद्धातली. 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि मधला दुवाच तुटला. मग 1943 पासून क्वांटस या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची कॅटलिना विमानं पर्थहून थेट श्रीलंकेतल्या कोग्गलाला जाऊ लागली. वेग इतका कमी की हिंदी महासागर ओलांडायला 27 ते 32 तास लागत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. सगळं वजन इंधनाचं, त्यामुळे प्रवासी जेमतेम तीन. हवेतच दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून प्रवाशांना ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’चं प्रमाणपत्र मिळे. अशा 271 फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावलं नाही. त्या वैमानिकांना आणि दिशादर्शकांना मानाचा मुजरा!

1947 मध्ये कॉन्स्टेलेशन विमानाने सिडनी-लंडन प्रवास चार दिवसांवर आणला. वाटेत कलकत्ता आणि कराचीसह सहा थांबे. कांगारूसारख्या उड्या, म्हणून नाव ‘कांगारू रूट’.

1989 मध्ये क्वांटसच्या नव्याकोऱ्या जंबो जेटने लंडन-सिडनी एका दमात गाठलं: 20 तास 9 मिनिटं. विमानात माणसं फक्त 23 आणि टाकीत खास दाट इंधन. धावपट्टीपर्यंत विमान ओढून नेलं, तेवढंच इंधन वाचलं! 2015 मध्ये हेच विमान सिडनीजवळच्या संग्रहालयात दाखल झालं. ते अखेरचं उड्डाण काही मिनिटांतच संपलं.

2018 मध्ये पर्थ-लंडन विनाथांबा सेवा सुरू झाली: 14,500 किलोमीटर, साधारण 17 तास.

आता तयारी सिडनी-लंडन थेट प्रवासी सेवेची. मोहिमेचं नाव ‘प्रोजेक्ट सनराइज’, त्या जुन्या कॅटलिनांच्या आठवणीत. एअरबस ए350 मध्ये 20,000 लिटरची जादा टाकी, जागा फक्त 238, आणि हातपाय मोकळे करायला वेगळा कोपरा. बावीस तासांच्या बैठकीला तो हवाच.